नावेतच घर असेल, तर पुराची तयारी कशी करावी?

काठवासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघे नुकतेच नदीवरील एका नावेत कायमचे राहायला आलो आहोत. नाव पोलादी, सपाट बुडाची असून तिची लांबी साधारण १५ मीटर आहे. ती मातीच्या काठाला लावलेली आहे आणि पुढून व मागून एकेक दोर काठावर ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना बांधलेला आहे. काठ सखल आहे. जवळपास राहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार मोठ्या पुरात तो पूर्णपणे पाण्याखाली जातो आणि पलीकडचे मैदानही नदीचाच भाग होऊन जाते.

जमिनीवरच्या घरात पाणी शिरू नये म्हणून काय करावे, याविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते. परंतु आमचे घर पाण्याबरोबरच वर जाणार असल्याने त्यातले फारसे आमच्या उपयोगाचे नाही. दोर सैल ठेवावेत की ताठ, हेच आम्हाला ठरवता येत नाही. सैल ठेवले तर नाव प्रवाहात इकडेतिकडे आदळेल आणि ताठ ठेवले तर पाणी चढल्यावर ते तुटतील, अशी भीती वाटते. काठ दिसेनासा झाल्यावर नाव त्याच्यावर जाऊन बसू नये, यासाठी काय करतात? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर आल्यावर नावेतच थांबावे की वेळेत उतरून उंच जागी जावे? इंजिन चालू स्थितीत आहे, परंतु जोरदार प्रवाहात नाव चालवण्याचा अनुभव आम्हाला नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना नावाडी

प्रश्न वेळेवर विचारलात, हे चांगले झाले, कारण यातली बहुतेक कामे पाणी शांत असतानाच करावी लागतात.

मोकळी नाव पाण्याबरोबर वर जाते. पुरात नावा बुडतात त्या बऱ्याचदा कशाला तरी अडकून बुडतात: आखूड दोराला, धक्क्याच्या पुढे आलेल्या कडेला, किंवा ओसरत्या पाण्यात काठाला. त्यामुळे नाव उभ्या दिशेने निर्वेध वर-खाली होऊ शकते का आणि आडव्या दिशेने खोल पाण्यावरच राहते का, या दोन गोष्टींकडे आधी लक्ष द्यावे.

सैल की ताठ, हा प्रश्न प्रत्यक्षात दोराच्या लांबीचा आहे. समजा, काठावरील खुंटा आणि नावेवरील बोलार्ड (दोर बांधण्याचा आखूड लोखंडी खांब) सुरुवातीला एकाच पातळीवर आहेत आणि दोर ५ मीटर लांब आहे. पाणी ३ मीटर चढले की त्या दोराची आडवी पोच ४ मीटरच उरते आणि ५ मीटर चढले तर तो सरळ उभा होऊन नावेला खाली खेचू लागतो. मात्र दोर १३ मीटर लांब असेल, तर ५ मीटर चढलेल्या पाण्यातही त्याची आडवी पोच १२ मीटर राहते, म्हणजे नाव फक्त १ मीटर सरकते. म्हणून नावेच्या पुढच्या टोकाचा दोर काठाच्या कडेकडेने बराच पुढे आणि मागच्या टोकाचा दोर तसाच बराच मागे नेऊन बांधावा. दोन्ही दोर नावेसमोरच काठावर आडवे, आखूड बांधू नयेत. याशिवाय पुढच्या टोकापासून मागच्या दिशेने आणि मागच्या टोकापासून पुढच्या दिशेने असे आणखी दोन तिरपे दोर असावेत, म्हणजे नाव प्रवाहाच्या दिशेने पुढेमागे घसटत नाही. आपल्या दोन दोरांवर पूर काढणे मला धोक्याचे वाटते.

दोर नायलॉनचा घ्यावा, कारण तो ताणला जातो आणि झटके पचवतो. भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते, म्हणून गरजेपेक्षा एक माप जाड घेतलेला बरा. पॉलिप्रॉपिलिनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि स्वस्तही असतो, परंतु उन्हाने तो कमकुवत होतो. दोर जिथे नावेच्या किंवा धक्क्याच्या कडेवरून जातो, तिथे त्यावर जुन्या जाड रबरी नळीचा तुकडा चढवावा. रात्रभर एकाच जागी घासला गेलेला दोर सकाळपर्यंत अर्धा झालेला असू शकतो.

निरगाठ कुठेही मारू नये. ताण आलेली निरगाठ हाताने सुटत नाही. बोलार्डभोवती आधी पुरेसे वेढे द्यावेत, म्हणजे ताण वेढ्यांवर राहतो आणि एका माणसाला दोर थोडा थोडा सोडता येतो. तरीही एक धारदार सुरी दोराजवळ, हाताशी आणि कायम ठरलेल्या जागी ठेवावी.

आता काठाविषयी. भिजलेल्या मातीतून खुंटे सहज उपटले जातात. शक्य असेल तर खोल पाया असलेले लोखंडी कडे शोधावे. ते नसेल तर लांब खुंटे नावेपासून दूर झुकलेल्या कोनात ठोकावेत आणि प्रत्येक खुंट्याच्या मागे आधारासाठी दुसरा खुंटा ठोकून दोन्ही एकमेकांना बांधावेत. नाव काठावर चढू नये यासाठी नाव आणि काठ यांच्यामध्ये नदीच्या तळात जाड लोखंडी नळ्यांचे उभे खांब रोवतात. ते पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ असावेत आणि त्यांची वरची टोके आजवरच्या मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा उंच असावीत, म्हणजे काठ बुडाला तरी नावेची बाजू त्या खांबांनाच टेकते आणि ती आत सरकत नाही. पुराची खूण झाडांच्या बुंध्यांवर, पुलांच्या खांबांवर किंवा जुन्या भिंतींवर गाळाच्या रेषेच्या रूपात दिसते. ती नसेल तर जवळपासच्या जुन्या माणसांना विचारावे. खांब लावण्याआधी नदीच्या त्या भागाची देखरेख करणाऱ्या कार्यालयाची परवानगी लागते का, हेही पाहावे.

नावेचे पुढचे टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला असावे आणि सुकाणू सरळ रेषेत पक्के बांधून ठेवावे. सुकाणू तिरके राहिले, तर प्रवाह त्यावर दाब देऊन नावेचे टोक सतत काठाकडे किंवा पात्राकडे ढकलत राहतो.

राहिला प्रश्न थांबण्याचा. माझ्या मते कोणीतरी नावेवर असावेच, कारण पाणी चढताना आणि उतरताना दोर सैल-ताठ करण्यासाठी माणूस लागतो.

जलमापी

वरील उत्तरातील दोरांचा हिशेब योग्य आहे. त्याला दोन गोष्टी जोडतो.

वाहत्या पाण्याचा नावेवरील जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट आणि तिप्पट झाला की नऊपट होतो. नेहमीच्या दिवसांत एका दोरावर निवांत उभी असलेली नाव पाहून पुराविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. त्यात भर म्हणजे वाहून आलेल्या झाडझाडोऱ्याचा ढीग पुढच्या टोकाशी अडकला, तर पाण्याला अडवणारे क्षेत्रफळच वाढते. असा ढीग लहान असतानाच लांब बांबूने बाजूला सारावा; मोठा झाल्यावर त्याच्याशी झटापट करणारा माणूस पाण्यात खेचला जाण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट दोरांच्या संख्येची. एकाच दिशेला तीन दोर बांधले म्हणजे ताकद तिप्पट झाली, असा समज असतो. त्यातला एक दोर जरी इतरांपेक्षा आखूड असेल, तरी आधी सगळा ताण त्याच्यावर येतो. तो तुटला की झटक्याने दुसऱ्यावर आणि मग तिसऱ्यावर. एकाच जातीचे, सारख्या जाडीचे आणि सारख्या लांबीचे दोर असतील तरच ओझे वाटले जाते. तीन वेगवेगळ्या खुंट्यांना बांधलेले तीन वेगवेगळे जुने दोर मला तरी खोट्या दिलाशापलीकडे काही वाटत नाहीत.

तथापि, माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. आपला काठ बुडतो हे आपल्याला आताच माहीत आहे. मग पुराच्या दिवसांपुरती नाव दुसरीकडे का नेऊ नये? मुख्य प्रवाहापासून आडोशाला असलेले बंदिस्त कुंड, मोठ्या नदीला मिळणाऱ्या उपनदीच्या मुखातील फुगवट्याचे संथ पाणी, किंवा उंच खांबांवर सरकणारा तरंगता धक्का यांपैकी काही मिळत असेल तर तिथे जावे. उपनदीलाही स्वतःचा पूर येतो, हे जागा निवडताना ध्यानात असू द्यावे. तरंगत्या धक्क्याच्या बाबतीत खांबांची उंची अवश्य मोजावी, कारण पाणी खांबांच्या टोकांपेक्षा वर गेले तर धक्का त्याला बांधलेल्या सर्व नावांसह सुटून वाहू लागतो. नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह वेगवान असतो आणि काठही खचतो; आतल्या बाजूला गाळ साचून पाणी उथळ असते. सरळ भाग त्यातल्या त्यात बरा. बंधाऱ्याच्या किंवा पुलाच्या लगेच वरच्या अंगाला नाव कधीही बांधू नये, कारण दोर तुटल्यावर काही करायला तिथे वेळच मिळत नाही.

हे स्थलांतर पाणी चढण्यापूर्वीच करायचे असते. पुरात पुलाखालची मोकळी उंची घटते, पुलाच्या खांबांमध्ये प्रवाह अधिक जोराने धावतो आणि प्रवाहाच्या दिशेने जाताना सुकाणूचा उपयोग होण्यासाठी नावेला पाण्यापेक्षा वेगाने चालावे लागते. अनुभव नसताना हा प्रयोग करू नये. खरे तर अनुभव असलेलेही तो करत नाहीत.

पाणी कधी चढणार हे आपल्या डोक्यावरच्या आकाशावरून ठरत नाही. वरच्या पाणलोट क्षेत्रात पाऊस झाला किंवा धरणातून विसर्ग वाढवला, तर आपल्याकडे कडक ऊन असतानाही पूर येतो. लहान, तीव्र उताराच्या नदीत तो काही तासांत पोहोचतो, मोठ्या सपाटीवरच्या नदीत काही दिवस लागू शकतात. वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या पातळीमापकाची नोंद आणि आपल्या जागेची पातळी यांचे नाते लहानसहान चढउतारांतच टिपून ठेवावे: तिथे पाणी एवढे चढल्यावर इथे किती वेळाने किती चढते. अशी स्वतःची वही दोन-चार चढउतारांनंतरच उपयोगी पडू लागते. त्याच वहीत आपली इशारा पातळी आणि निघण्याची पातळी आधीच लिहून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाहीत.

तीरावरून

जुना नावाडी यांच्या दोरांविषयीच्या सूचनांशी मी सहमत आहे, परंतु "कोणीतरी नावेवर असावेच" या मताशी मुळीच नाही.

नावेवर थांबण्याचा विचार तेव्हाच करावा, जेव्हा तिथून चालत कोरड्या जमिनीवर जाण्याचा मार्ग शिल्लक आहे. प्रश्नकर्त्यांचा काठ आणि त्यामागचे मैदान दोन्ही बुडतात. म्हणजे काठावर टाकलेली फळी पाण्याखाली गेली की ते दोघे एका बेटावर आहेत आणि ते बेट दोरांनी बांधलेले आहे. बुडालेल्या काठाची कड वरून दिसत नाही; गढूळ पाण्यात पुढचे पाऊल मैदानावर पडेल की थेट नदीत, हे कळत नाही. गुडघाभर पाण्याला वेग असेल तर तेही धडधाकट माणसाचे पाय उचलते. रात्री, पावसात, सामान घेऊन त्यातून चालत जाणे हा मार्ग धरताच येत नाही.

म्हणून पाणी काठाच्या कडेपासून ठरावीक अंतर खाली असतानाच उतरण्याची सीमा ठरवावी आणि ती ओलांडताच नाव कशीही असो, उतरावे. लहान मुले, वृद्ध, आजारी व्यक्ती आणि पाळीव प्राणी त्याही आधी, पहिल्या इशाऱ्यालाच हलवावेत. काठाच्या कडेवर आणि उंच जागेकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना उंच बांबू आताच रोवून ठेवावेत. त्यांवर चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या तर विजेरीच्या उजेडात वाट दिसते. ओळखपत्रे, नावेची आणि विम्याची कागदपत्रे, औषधे, चष्मा, चार्ज केलेला फोन व पॉवर बँक, एक कोरडा कपड्यांचा जोड आणि रोख पैसे अशी जलरोधक पिशवी दाराजवळ असावी. डेकवर पाऊल टाकताना लाइफ जॅकेट अंगात असलेच पाहिजे, दोर सोडण्यासाठी केवळ एका मिनिटाकरिता जायचे असले तरीही.

आपण कुठे जाणार आहोत, हे काठावरील कोणाला तरी सांगून ठेवावे. नाव सुटून वाहत गेल्यास बचाव पथक तिच्यातील माणसांचा शोध घेत स्वतःचे जीव धोक्यात घालते. नावेत कोणी नाही, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचणे फार मोलाचे असते.

काठवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीरावरून यांचा मुद्दा पटला. आम्ही उतरण्याची सीमा ठरवून ती नावेच्या दाराशी लिहून ठेवणार आहोत. दोन उपप्रश्न आहेत. आम्ही उतरल्यावर नाव काही काळ रिकामी राहील. मग आतून काय काय बंद करून जावे? आणि काठावर एक मोठे झाड आहे, त्याला दोर बांधला तर खुंट्यांपेक्षा अधिक भरवशाचे होईल का?

तारजोड

पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो.

काठावरून वीज घेत असाल, तर काठ बुडण्याआधी मुख्य स्विच बंद करून ती केबल काढून नावेवर गुंडाळून ठेवावी. पाण्यात पडलेली जिवंत केबल तुमच्यासाठी आणि मदतीला येणाऱ्यांसाठीही घातक असते. गॅस सिलिंडरची झडप बंद करावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो बुडाच्या पोकळीत साचतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. तुम्ही आत असतानाही, पावसामुळे सगळ्या खिडक्या लावून शेगडी किंवा जनरेटर चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यासाठी सूचक यंत्र लावावे.

बिल्ज पंप, म्हणजे बुडात साचलेले पाणी बाहेर टाकणारा पंप, मात्र बंद करायचा नाही. बरेच जण निघताना बॅटरीचा मुख्य स्विचच बंद करतात आणि त्याबरोबर पंपही मरतो. तो थेट बॅटरीला, स्वतंत्र फ्यूजमार्फत जोडलेला असावा आणि बॅटरी पूर्ण भरलेली असावी. त्याचा तरंगता स्विच पालापाचोळ्याने अडकतो, म्हणून बुडातली जागा स्वच्छ करावी आणि बादलीभर पाणी ओतून तो आपोआप सुरू होतो का, हे पाहावे. पंपाची नळी बाहेर जिथे उघडते, ते भोक पाण्याच्या रेषेपेक्षा बरेच वर असावे आणि नळीला आत एक उंच वळसा द्यावा, नाहीतर नाव कलल्यावर त्याच नळीतून नदी आत येते.

कलणे हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मोरीची आणि न्हाणीची भोके सरळ उभ्या नावेत पाण्याच्या वर असतात. नाव एका बाजूला अडकून थोडी कलली की ती पाण्याखाली जातात. ज्यांना झडपा आहेत त्या बंद कराव्यात आणि ज्यांना नाहीत त्या भोकांसाठी लाकडी गुट्टे करून ठेवावेत. शौचालयाची टाकी आधीच रिकामी करावी आणि पिण्याच्या पाण्याची भरून घ्यावी, कारण पुरानंतर काठावरचा नळ लगेच वापरण्याजोगा असेलच असे नाही. डेकवरचे सुटे सामान, सायकली, कुंड्या, सगळे आत घ्यावे.

जलमापी

झाडाविषयी सावधगिरीचा इशारा देतो. काठाच्या अगदी कडेचे झाड पाणी चढताना भक्कम वाटते, पण धोका पाणी उतरताना असतो. पुरात काठाची माती पाण्याने पूर्ण भरते. नदी झपाट्याने ओसरली की बाहेरून पाण्याचा आधार नाहीसा होतो, आतले पाणी मात्र मातीत अडकून राहते आणि मग काठाचे तुकडेच्या तुकडे पात्रात घसरतात. झाड त्या तुकड्यावर असेल, तर तेही नावेच्या दिशेनेच पडेल. काठापासून बरेच आत असलेले, सरळ वाढलेले, खोल मुळांचे झाड असेल तर बांधण्यास हरकत नाही. बुंध्याभोवती रुंद पट्टा घालून त्याला दोर अडकवावा, म्हणजे सालही सोलली जात नाही आणि दोरही घासत नाही.

जुना नावाडी

तीरावरून यांनी माझ्या मतावर घेतलेला आक्षेप प्रश्नकर्त्यांच्या जागेपुरता मान्य आहे. मैदान बुडते तिथे रात्रीचा पहारा देण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे मागे उंच जमीन असलेल्या धक्क्याला लागू धरावे. मात्र त्यामुळेच लांब दोर आणि उभे खांब यांचे महत्त्व त्यांच्यासाठी दुप्पट होते, कारण नावेला माणसाशिवाय चढून माणसाशिवाय उतरायचे आहे.

जलमापी यांनी ओसरणाऱ्या पाण्याचा विषय काढला, त्यात भर घालतो. चढत्या पाण्यात सगळे जागे असतात. पाणी उतरू लागले की माणसे निर्धास्त होतात आणि त्याच रात्री नावेची एक बाजू काठाच्या कडेवर टेकून राहते. दुसरी बाजू पाण्याबरोबर खाली जाते, नाव कलते आणि वर तारजोड यांनी सांगितलेल्या भोकांतून पाणी आत शिरते. म्हणून पाणी उतरण्याची पहिली चिन्हे दिसताच, वाट मोकळी आणि सुरक्षित असेल तर, परत येऊन नाव पात्राच्या बाजूला ढकललेली आहे ना, हे पाहावे. धक्क्याला बांधलेल्या नावेच्या बाबतीत बाजूच्या फेंडरवर (नाव घासू नये म्हणून टांगलेल्या उशांवर) एक लांब फळी आडवी लटकवावी. नुसते फेंडर चढत्या पाण्यात धक्क्यावर उचलले जातात आणि ऐनवेळी नावेची बाजू उघडी पडते.

एवढे करूनही नाव काठावर बसलीच, तर इंजिनाच्या जोरावर ओढून काढण्याचा आटापिटा करू नये. ती सपाट बसली असेल, तर सपाट बुडाच्या पोलादी नावेला सहसा लगेच इजा होत नाही. सगळ्या झडपा बंद ठेवाव्यात, बुडाला कुठे खोक किंवा भेग पडली आहे का ते बाहेरून पाहावे, परंतु तिच्या खाली कोणी शिरू नये, आणि उचलयंत्राची व्यवस्था पाहावी. पाणी पुन्हा चढण्याचा अंदाज असेल, तर दोर पात्राच्या बाजूने लावून ठेवावेत आणि पंप तयार ठेवावा. चिखल बुडाला धरून ठेवतो, त्यामुळे अशी नाव लगेच वर येत नाही. एक बाजू आधी सुटते आणि त्या काही मिनिटांत कललेल्या बाजूने पाणी आत येऊ शकते. विम्यासाठी छायाचित्रे मात्र काहीही हलवण्याआधीच काढावीत.

सगळे दोर शेवटी गोड्या, स्वच्छ पाण्यात धुऊन वाळवावेत. गाळाचे बारीक कण धाग्यांमध्ये शिरून आतून दोर कापत राहतात, आणि पुढच्या पुरात तुटतो तो असाच न धुतलेला दोर.